खोकल्याचा पौष

फाल्गुनात गडहिंग्लजच्या स्टँडवर नवा माणूस उतरला की तो आधी खोकतो आणि मग पत्ता विचारतो. त्यात त्याची काही चूक नाही. त्या दिवसांत गावच्या हवेतच मिरची असते. बाजारात संकेश्वरी मिरचीचे ढीग, दारोदार चटईवर वाळत घातलेली मिरची आणि गल्लीगल्लीत वर्षाची चटणी कुटायची गडबड. गावकऱ्यांना त्या खोकल्याचं काही वाटत नाही. उलट फोडणीचा ठसका सोप्यापर्यंत आला नाही, तर घरधनी आत डोकावून विचारतो, "आज उपास हाय काय?"

अशा गावात कांचन पोवारला दमा असावा, ही देवाची चेष्टाच म्हणायची. बरं, नुसता दमा असता तरी निभावलं असतं. पण बाईचा धंदा काय, तर मिरची कुटायचा डंक! लोखंडी मुसळं मोटारीवर वरखाली आपटतात, खाली उखळात मिरचीचा चेंदा होतो आणि खोलीभर लाल धुरळा उठतो. त्या धुरळ्यात एखादा पैलवान नेऊन उभा केला, तर तोही आईच्या नावानं हाक मारील.

कांचनचं नाव मात्र त्या धुरळ्यावरच झालं होतं. मिरची कधी सारखी नसते. एका शेतातली नुसती रंगाला, तर बांधापलीकडची नुसता जाळ. चटणीत कांदा, लसूण, खोबरं किती घालायचं हे त्या तिखटावर ठरतं. जिभेवर चिमूट ठेवून बघावं म्हटलं, तर दोन-तीन घरांच्या चटण्या झाल्या की जीभ बोंबलायला लागते; मग तिला साखरसुद्धा तिखट लागते. म्हणून कांचन काय करायची, पहिल्या कांडणाचा धुरळा उठला की त्यात एक श्वास घ्यायची. ठसका नाकाशीच थांबला की मिरची रंगाची. घशाशी लागला की बेताची. आणि छातीशी जाऊन बसला की म्हणायची, "खोबरं वाढवा काकू, ही मिरची सवत हाय!" तिचा अंदाज चुकत नसे. निपाणीपर्यंतच्या बायका मिरचीची पोती घेऊन तिच्याकडे यायच्या.

पुढं पुढं तो एक श्वासच तिला भारी पडायला लागला. एका चैत्रात तर तिला डंकाच्या दारातून उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. तिचा नवरा आनंदा तेव्हा दुधाचा टेम्पो चालवायचा. गोल चेहऱ्याचा, खाण्यावर जीव असलेला आणि सदा काहीतरी गुणगुणणारा माणूस. त्यानं टेम्पो विकला, तोंडाला टॉवेल गुंडाळला आणि डंकाच्या खोलीत शिरला.

"तू भाईर बसायचं," तो म्हणाला. "खिडकीतनं सांगायचं. आत मी हाय."

तेव्हापासून कांचन खिडकीबाहेर स्टुलावर आणि आनंदा आत. ती खिडकीतून एकच श्वास घ्यायची, लगेच दम्याचा पंप ओढायची आणि हुकूम सोडायची. वर्षानुवर्षं असंच चाललं. आनंदाला दमा नव्हता, पण धुरळ्यानं त्यालाही बारमाही खोकला लागला. बायको खिडकीत खोकतेय, नवरा आत खोकतोय. गिऱ्हाइकं म्हणायची, पोवारांच्यात चौघडा वाजायला लागला बघा.

त्या खोकल्याचं कांचनला वाईट वाटायचं. आपल्यापायी ह्या माणसानं मोकळी हवा सोडून धुरळा पत्करला, हे ती विसरली नव्हती. विसरायची बाईच नव्हती ती.

आणि मग तो फवारा आला.

कंपनीनं त्याला काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं. गडहिंग्लजकरांनी त्याचं बारसं करून टाकलं: 'गप'. तीन महिन्यांतून एकदा ओढायचा, की छाती गप. गावातल्या डॉक्टर मृणाल हत्तरकी छातीच्याच डॉक्टर. इथल्याच शाळेत शिकलेल्या, त्यामुळे त्यांना समजावताना शब्द शोधायला लागत नसत.

"कांचनताई, मिरची जिभेला भाजते म्हणजे काय होतं ठाऊक आहे? खरं तर काहीच भाजत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आपल्या नसांवर बारीक दारं असतात. चटका बसला की ती उघडायची, म्हणजे मेंदूला कळतं, भाजलं. मिरचीतलं तिखट त्याच दाराची कडी काढतं. मेंदू फसतो. आणि तसलीच दारं तुमच्या श्वासाच्या वाटेवरही आहेत."

"म्हणून ठसका लागतोय?"

"म्हणून ठसका. तुमची दारं जरा जास्तच हळवी झालीत. धूळ आली उघड, थंडी आली उघड. दार उघडलं की श्वासाच्या नळ्या आवळल्या जातात आणि दम लागतो. आपला रोजचा पंप नळ्यांची सूज उतरवतो. हा नवा फवारा दारांचाच बंदोबस्त करतो. पेशीत रोज निरोप जात असतो, 'नवी दारं बनवा'. हे औषध तो निरोप वाटेतच गिळून टाकतं. जुनी दारं झिजून जातात, नवी होत नाहीत. तीनेक महिन्यांनी औषध संपलं की निरोप पुन्हा पोचायला लागतात."

"म्हंजे सुताराला निरोपच पोचू द्यायचा न्हाई."

"अगदी तसंच," डॉक्टर हसल्या. "पण रोजचा सूज उतरवायचा पंप सोडायचा नाही हं."

पहिला फवारा तिनं आषाढात ओढला आणि पंधरवड्यात तिच्या आयुष्याचा रंगच बदलला. आधी ती जिना न थांबता चढली. मग वारा सुटलेला असताना गच्चीवर कपडे वाळत घालून आली. मग एक दिवस तिनं चुलीवर तवा ठेवला, तेल सोडलं आणि मूठभर मिरच्या टाकून परतायला लागली. किती वर्षांनी! आनंदा धावत आला, तर ही त्या धुरात पदर खोचून उभी आणि चेहऱ्यावर नव्या नवरीसारखं हसू.

"अहो, काईच होत न्हाई!" ती ओरडली. "बघा तरी, काईच होत न्हाई!"

आनंदाला मात्र व्हायचं तेच झालं. तो खोकत खोकत अंगणात पळाला.

आता फवाऱ्याच्या डब्यात कुप्या असायच्या दोन. एक औषधाची आणि एक जादा. पहिल्यांदा ओढताना पेशंट खोकला आणि औषध वाया गेलं, तर पुन्हा ओढता यावं म्हणून. नाही लागली तर जादा कुपी फेकून द्यावी, असं डब्यावर छापलं होतं. छापणाऱ्याला गडहिंग्लजची बाई ठाऊक नव्हती. सकाळची भाकरी, कालची आमटी, तळाशी राहिलेला टॉनिकचा घोट, ह्यातलं काहीही ती फेकत नाही. घरात उरलंसुरलं संपवायचं काम नवऱ्याचं, आणि ते आनंदा लग्नापासून इमानानं करत आला होता.

"तुम्ही ओढा ही," कांचन म्हणाली. "माझ्यापायी खोकताय जन्मभर. आता जरा गप राव्हा."

"मला कुठं दमा हाय?"

"पण टाकायची कशी? चांगलं औषध हाय."

हा मुद्दा बिनतोड होता. आनंदानं कुपी ओढली. बारमाही खोकला दोन आठवड्यांत बंद. पोवारांचा चौघडा थांबला. पुढच्या डब्यातली जादा कुपीही त्यालाच, आणि त्याच्या पुढचीही. डॉक्टरांना सांगायचं त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. नवऱ्याला शिळी भाकरी वाढली, हे कुणी डॉक्टरला सांगतं का?

आणि पोवारच काय, फवारा ओढून ओढून सगळं गाव गप झालं. बाजारातले हमाल, पोती झाडणाऱ्या बायका, दुकानदार, गिरणीवाले. फाल्गुन आला आणि मिरचीच्या बाजारात कुणी खोकेना! विजेवरच्या एसटीतून उतरणारी परगावची माणसं तेवढी खोकायची आणि गावची पोरं त्यांच्याकडे बघून हसायची.

कांचननं त्या फाल्गुनात खिडकी सोडली. ती डंकाच्या खोलीत आनंदाच्या शेजारी उभी राहिली. धुरळा उठला, तिनं छातीभरून श्वास घेतला आणि वाट बघत राहिली. ठसका नाकाशी आला नाही, घशाशी आला नाही, छातीशी तर नाहीच. तांबडा धुरळा आत गेला आणि दाराची कडी न वाजवता परत आला.

"किती खोबरं घालू, कांचन?" शिंत्रेकाकूंनी विचारलं. काकू म्हणजे तिचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक, आणि सर्वांत धारदार जिभेचं.

"घाला की... नेहमीसारखं," कांचन म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं अंदाज न घेता सांगितलं होतं.

पंधरा दिवसांनी शिंत्रेकाकू बरणी घेऊनच हजर.

"कांचन, चटणी कुटलीस का सूड उगवलास? नातवंडं भाकरीसंगं पाणीच पितात! जावयानं एक घास खाल्ला आणि जे न्हाणीत शिरला ते तासानं भाईर आला. माणूस लाजंनं काई बोलला न्हाई, पण डोळं बघवंनात."

कांचननं चिमूटभर चटणी जिभेवर ठेवली आणि तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. त्या हंगामात अशा बऱ्याच बरण्या परत आल्या. काही चटण्या नुसता जाळ, काही अगदी मिळमिळीत. बायका तोंडावर काही बोलल्या नाहीत. पुढची पोती कडगाव रोडच्या डंकावर गेली, एवढंच.

कांचन मनातून खचली. श्वास मिळाला होता, पण ज्या श्वासाला लोक मान देत होते तोच गेला होता. आनंदानं समजूत घातली, "अगं, जीव हाय तर सगळं हाय. डंक बंद पडला तर पडला. मी परत टेम्पो घेतो." पण तिला ते पटेना. ह्या माणसानं एकदा आपल्यासाठी टेम्पो विकला, आता आपल्यासाठीच पुन्हा घ्यायचा? आणि खरं सांगायचं तर तिला तिचा ठसका हवा होता. तिची विद्याच ती.

त्या वर्षात चांगल्याही गोष्टी घडत होत्या, नाही असं नाही. आनंदाचं पोट उतरायला लागलं. लग्नानंतर पहिल्यांदाच! दोघं रोज सकाळी नदीपर्यंत चालत जायची, त्याचाच हा गुण, असं कांचननं ठरवून टाकलं. ती कौतुकानं त्याच्या पॅन्टचे हूक आत घेत बसायची.

"बघा, नवरदेवाची पॅन्ट बसंल आता तुम्हाला," ती म्हणायची.

"नवरी शोधाय लागतीस काय मग?" आनंदा विचारायचा आणि तिच्या हातची चापट खायचा.

दसऱ्याचा फवारा जवळ आला तेव्हा कांचननं डॉक्टर हत्तरकींना स्पष्टच सांगितलं, "मॅडम, ह्यावेळी गप नको. मला माझा ठसका परत पायजे."

डॉक्टर म्हणाल्या, "दम परत लागेल. जिवाशी खेळ होऊ शकतो, कांचनताई."

"लागला तर सांगते. पण आंधळ्यासारखं कुटणं मला जमायचं न्हाई."

शेवटी तडजोड झाली. दसऱ्याचा फवारा चुकवायचा. रोजचा सूज उतरवायचा पंप न चुकता घ्यायचा, जवळ तातडीचा पंप ठेवायचा आणि दर पंधरवड्याला छाती दाखवायची. कार्तिक-मार्गशीर्षात दारं हळूहळू परत येतील, पौषापर्यंत पुरती येतील. मग बघू. डबाच आला नाही, तर जादा कुपी कुठून येणार? आनंदाचाही फवारा आपोआप चुकला.

पौष लागला. डंक बंद होता. मोटार तेलपाणी करून पोत्याखाली झाकलेली, मुसळं पुसून ठेवलेली. घरात मिरचीचा कण उडत नव्हता. एका सकाळी कांचन आमटीला फोडणी देत होती. तेलात लसूण पडला, मिरची पडली, आणि तिला ठसका लागला. बारीकसा, नाकाशीच. ती पळी हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग हसत, खोकत, डोळे पुसत ओरडली, "अहो! आला! माझा ठसका आला!"

सोप्यावरून आनंदाचाही खोकला ऐकू आला.

"तुमचंबी दार उघडलं वाटतं!" ती हसली.

जेवणं झाली. फोडणीचा वास केव्हाच उडून गेला. कांचन तर खोकायची थांबली होती, आनंदा मात्र थांबला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घरात ना धुरळा, ना धूर. कांचननं हळद घालून दूध दिलं. अडुळशाचा काढा दिला. ओवा तव्यावर गरम करून छाती शेकली. खोकला हटेना. पौषातल्या थंडीत सगळं गाव गोधडीत गुरफटून बसलेलं, आणि हा पहाटे घामानं भिजून गोधडी लाथाडायचा. "अंगात उष्णता हाय," म्हणायचा.

एक दिवस कांचन त्याची पॅन्ट वाळत घालत होती. आत घेतलेल्या हुकांकडे तिचं लक्ष गेलं. एक, त्याच्या आत दुसरा, त्याच्याही आत तिसरा. इतकं पोट चालून उतरतं? नदी काय काशीला होती? पॅन्ट तशीच ओली तारेवर टाकून ती आत आली.

"उठा," ती म्हणाली. "मॅडमकडं जायाचं."

"खोकल्याला कसला डॉक्टर? डंकावरचा खोकला हा."

"डंक बंद हाय, अहो," कांचन म्हणाली. "हंगाम संपल्यापासनं बंद हाय. मिरची न्हाई, धुरळा न्हाई. मग हा कसला खोकला?"

दवाखान्यात आनंदानं एका नळीत जोरात फुंकर मारली. बाहेर चहा पिऊन होईतो यंत्रानं उत्तर दिलं.

"टीबी आहे," डॉक्टर हत्तरकी म्हणाल्या.

"टीबी? मला?" आनंदा हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "मॅडम, मी तर वर्षभर खोकलो बी न्हाई! हिच्या कुप्या उरायच्या न्हवं का, त्या मीच तर संपवल्या."

डॉक्टरांचा हात टेबलावरच थांबला. "कुठल्या कुप्या?"

मग सगळं बाहेर आलं. कांचननं मान खाली घातली. "मी दिल्या," ती म्हणाली. "टाकवंना म्हणून दिल्या. माझ्या हातानं ह्यांचा खोकला बंद केला." आणि ती रडायला लागली. आनंदा खुर्ची सरकवून तिच्या जवळ गेला, पण तोंडाला मास्क लावलेला असल्यामुळे काय करावं ते त्याला कळेना. नुसता तिचा हात धरून बसला.

डॉक्टर म्हणाल्या, "खोकला म्हणजे घरचा राखणदार कुत्रा, कांचनताई. उठसूट भुंकतो म्हणून आपण वैतागतो. दम्याचा कुत्रा वाऱ्यावरसुद्धा भुंकतो, म्हणून त्याला गप करायचं औषध निघालं. पण खरोखरच चोर शिरला तर? टीबी आम्हाला पहिल्यांदा कळतो तो खोकल्यावरूनच. ह्यांच्या छातीत चोर शिरला आणि कुत्र्याचं तोंड बांधलेलं होतं. आणि एकट्या तुम्ही नाही चुकलात. डब्यात दुसरी कुपी आहे हे मलाही ठाऊक होतं. तिचं काय केलं, हे मी एकदाही विचारलं नाही."

"बरं हुतील का हे?" कांचननं तेवढंच विचारलं.

"होतील. अजून दोन-तीन महिने गेले असते तर मी एवढ्या खात्रीनं सांगितलं नसतं. उजव्या फुफ्फुसाचा एक कोपरा धरलाय फक्त."

तिचा श्वास जागेवर आला. औषधाचं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पूर्वी टीबीला सहा-सहा महिने गोळ्या असायच्या. लोक कंटाळून मध्येच सोडायचे आणि जंतू आणखी माजायचे. आता गोळ्यांच्या जोडीला एक बारीक भुकटी ओढायची होती. टीबीचा जंतू हुशार. आपल्याला खायला आलेल्या पेशीच्या पोटातच तो दडून बसतो. ही भुकटी इतकी बारीक, की त्याच पेशी तिलाही कचरा समजून गिळतात आणि औषध थेट चोराच्या लपायच्या जागी पोचतं. म्हणून मुदत निम्म्यावर आली होती. कांचनचीही फुंकर तपासली. तिला काही नव्हतं. खबरदारीच्या गोळ्या तेवढ्या मिळाल्या.

"आता तरी फेकायला शिका," डॉक्टर जाता जाता म्हणाल्या.

फाल्गुनात आनंदाला डंकाची बंदी होती. कांचन तोंडाला जाड मास्क लावून पुन्हा खिडकीत बसली, मास्क क्षणभर बाजूला करून एक श्वास घेत आणि हुकूम सोडत. आत गल्लीतली एक बाई कामाला ठेवली. आनंदा अंगणात चिकूच्या झाडाखाली बाजेवर बसून ओरडायचा, "बेल्ट बघा, बेल्ट सैल झालाय!" त्याचा आवाज दर आठवड्याला वाढत होता. कांचन त्या आवाजावरून औषधाचा गुण ओळखायची.

पण डॉक्टर हत्तरकींची झोप उडाली होती. त्यांनी बाजारात जाऊन चौकशी केली: जादा कुपी कुणी फेकली? एकीनंही नाही! कुणी नवऱ्याला दिली होती, कुणी दिराला, आणि एका माउलीनं तर यात्रेला आलेल्या पाहुण्याला. गावात किती छात्या अशा गप होत्या, देव जाणे. त्यांनी कंपनीला कळवून डब्यातली दुसरी कुपी बंद करवली आणि सगळ्यांना सांगितलं, या, फुंकर मारून जा. कोण येतंय? न खोकणारा माणूस छातीच्या डॉक्टरकडे कशाला जाईल? मग त्यांनी दवंडीच दिल्यासारखं केलं: वर्षातून एकदा, दसऱ्याचा फवारा सगळ्यांनी चुकवायचा, ज्यांना झेपेल त्यांनी. पौषापर्यंत दारं उघडतील आणि ज्याची छाती उगीच भुंकेल त्याची तपासणी करू.

लोकांनी माना डोलावल्या आणि कुणीही काही केलं नाही. सुखासुखी खोकला कोण विकत घेतो?

शेवटी हे काम कांचनच्या डंकानं केलं. श्रावणात शिंत्रेकाकू आल्या तेव्हा ती म्हणाली, "काकू, औंदा एक नेम हाय. ज्या घरानं दसऱ्याचा फवारा चुकवला, त्याच घराची चटणी मी कुटणार. डॉक्टरनी ज्यांना न्हाई म्हटलंय त्यांना माफी. बाकी कुणाला न्हाई."

"हा काय जुलूम गं? चटणीचा आणि फवाऱ्याचा संबंध काय?"

"संबंध कसा न्हाई? अहो, माझ्या चटणीचा ठसका खाणाऱ्याला लागाय नको? दारं बंद करून बसलेल्यांसाठी मी कशाला जीव आटवू?" मग तिचा आवाज खाली आला. "आणि काकू, आमचं माणूस त्या खोकल्यानं वाचलं. तुमच्या घरात कोण गप हाय, ते बघा तरी."

काकू आनंदाकडे बघत राहिल्या. तो चिकूखाली बसून दुसरी भाकरी मोडत होता.

"पौषात न्हाईतरी लग्नकार्यं नसत्यात," काकू अखेर म्हणाल्या. "खोकायला काय, निवांत खोकता येईल."

शिंत्रेकाकूंनी एकदा मनावर घेतलं म्हणजे गावानं घेतलं. वडाच्या पूजेपासून भिशीपर्यंत सगळीकडे त्यांचा शब्द चालायचा. दसरा झाला, दिवाळी झाली, आणि पौषात गडहिंग्लज पुन्हा खोकायला लागलं. घराघरांतून फोडणीच्या वेळी ठसके, शिंका, हसणं. शेजारीण शेजारणीला विचारायची, "तुमच्यात उघडली का दारं?" आणि ज्यांचा खोकला फोडणी संपल्यावरही राहिला, ती माणसं डॉक्टर हत्तरकींकडे गेली. थोडीच होती. बाजारातला एक हमाल, पोती झाडणाऱ्या दोन जावा, आणि शिंत्रेकाकूंचा धाकटा दीर, जो आयुष्यात कधी आजारी पडला नव्हता, असं काकूच सांगायच्या. सगळे वेळेत सापडले. लोकांनी त्या महिन्याला नावही ठेवलं, खोकल्याचा पौष. पुढं ती रीतच पडली.

कांचनला डॉक्टरांनी तिच्यापुरता वेगळा फवारा करून दिला, नेहमीच्या निम्म्या ताकदीचा. "दार बंद नको, नुसतं ओढून घेतलेलं असू दे," डॉक्टर म्हणाल्या. "चोर आला तरी कळेल, आणि वाऱ्यानं आपटणारही नाही." एवढ्यानं तिला दम लागत नव्हता, आणि ठसका मात्र लागत होता.

फाल्गुन आला. बाजारात मिरचीचे ढीग लागले. डंकाच्या खोलीत आनंदा चांगला मास्क लावून पुन्हा मोटारीजवळ उभा राहिला. पॅन्टचे तिन्ही हूक कांचननं आदल्या दिवशीच उसवून जुन्या जागी आणले होते, आणि तरीही तो म्हणत होता, थोडी घट्टच होतेय. दारात पहिली मिरची शिंत्रेकाकूंची होती.

मुसळं आपटायला लागली. लाल धुरळा उठला. कांचन दारात उभी होती. तिनं एक श्वास घेतला. ठसका घशाच्या खाली उतरला आणि छातीच्या तोंडाशी थांबला. तितक्यात मास्क जरा सरकला आणि आनंदाला खोकला आला. चांगला जोराचा, डोळ्यांतून पाणी काढणारा. कांचननं झटकन हात वर केला. आनंदानं मोटार बंद केली. खोलीत धुरळा तेवढा तरंगत राहिला आणि ती कान देऊन ऐकत राहिली.

आनंदा खोकला. पुन्हा खोकला. मग थांबला. मास्क सारखा केला, डोळे पुसले आणि काहीतरी गुणगुणायला लागला.

कांचन दाराच्या चौकटीला धरून उभी होती. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती पुसतही नव्हती.

"अगं, काय झालं?" शिंत्रेकाकूंनी घाबरून विचारलं. "कसला खोकला गं तो?"

"मिरचीचा," कांचन म्हणाली. "नुसता मिरचीचा हाय, काकू." मग तिनं पदरानं तोंड पुसलं, आनंदाला मोटार चालू करायची खूण केली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "खोबरं वाढवा. सवत हाय ही."